दारावरची सावली

मुळशी तालुक्यात पिरंगुटहून मुठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उरवडे आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी ५ वाजून ९ मिनिटांनी तिथल्या एका भातखाचरात आमच्या कॅम्पिंग ट्रेलरची शेड उन्मळून पडली. दादाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. आई आणि माझी सात वर्षांची लेक अकरा मिनिटं ट्रेलरमध्ये कोंडल्या गेल्या. वारा जेमतेम सहा मिनिटं होता. पण त्या सहा मिनिटांची तयारी आम्ही तीन आठवडे, आणि त्या दिवशी सकाळपासून दर तासाला, स्वतःच्या हातांनी करत आलो होतो. ट्रेलर घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं आता वाढत आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने तरी चार वाजता शेड गुंडाळावी, म्हणून हा दिवस वेळेनुसार मांडतो आहे.

तीन आठवडे आधी

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून दादाच्या मनात होतं की आपलाही एक ट्रेलर असावा. शेवटी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तो बांधून घेतला. एक अ‍ॅक्सल, ४० बाय ४० च्या स्क्वेअर ट्यूबचा सांगाडा, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय आणि मध्ये थर्माकोल. उरलं होतं फक्त दारापुढचं छत. याला कोणी ऑनिंग म्हणतं, आम्ही सरळ शेड म्हणायचो.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, हँडल फिरवून उघडणारी रोलरची शेड. तिची पेटी ट्रेलरच्या भिंतीला कायमची बसते आणि पुढचे दोन पाय जमिनीवर टेकतात. दुसरा, पिशवीतून काढून लावायचं कापड, बांबू आणि तणावे. तिसरा, नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट, ट्रेलरपासून वेगळी उभी केलेली. आम्ही पहिला पर्याय घेतला. ३ मीटर लांब, अडीच मीटर पुढे येणारी, जाड पीव्हीसी लेपाची. दुकानदार म्हणाला होता, एक थेंब गळणार नाही. ते खरंच होतं. पण ज्या कापडातून पाणी जात नाही त्यातून वाराही जात नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. सावली किती चौरस मीटर पडेल ते आम्ही मोजलं. ती किती मिनिटांत आणि किती माणसांनी गुंडाळता येईल, हे विचारलंच नाही.

वर्कशॉपमधल्या पोराने मात्र अचूक प्रश्न विचारला होता. “साहेब, पेटी ट्यूबला घेऊ का पत्र्याला?” ट्यूबला घ्यायची तर आरपार भोक पाडून, आतून पट्टी लावून नटबोल्ट कसावे लागणार होते, आणि ते नट आत चहाच्या कट्ट्यावर उघडे दिसणार होते. नवंकोरं प्लाय, त्याच्यावर पाच-सहा नट. मी म्हणालो, “पत्र्यालाच घे, आतून नट दिसतील.” त्याने बारा सेल्फ स्क्रू मारले. सगळं घट्ट बसलं. मी पेटीला लोंबकळून पाहिलं, हललीसुद्धा नाही.

सकाळी ७.१० · उरले दहा तास

चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट. शनिवारची सकाळ असल्यामुळे रस्त्यावर पवना आणि मुळशीकडे निघालेल्या गाड्यांची रांग होती. पिरंगुटला मुठ्याच्या रस्त्याला लागलो की गर्दी ओसरते. एका बाजूला कारखान्यांचे पत्र्याचे शेड, दुसऱ्या बाजूला खाचरं आणि पुढे घाटाचे डोंगर.

उरवड्याचं नाव राज्यभर पोचलं ते ७ जून २०२१ च्या दुपारी. इथल्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार गेले. त्यांत बहुतेक बाया होत्या. आतल्यांपर्यंत पोचण्यासाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली होती. त्या रस्त्यावरून जाताना आई दर वेळी हात जोडते. त्या सकाळीही जोडले. बाहेर पडायला वाट नसणं म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा या गावाने कुणाला द्यायचा? आणि तरीही आम्ही एका दाराची गाडी घेऊन तिथूनच पुढे गेलो.

सकाळी ९.०५ · उरले आठ तास

जागा दादाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची. साठीचे गृहस्थ, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला होता, वाफ्यावर काळी राख पसरलेली. घराच्या कौलांची शाकारणी चालू होती. आम्ही बांधाजवळच्या कोरड्या खाचरात ट्रेलर लावला, चाकांखाली दगड सारले, चारही कोपऱ्यांचे जॅक टेकवले.

तोंड कुठे करायचं यावर आम्ही नीट विचार केला होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मे महिन्यात दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं आणि घाटावरून येणारा रोजचा वाराही पश्चिमेचाच असतो. म्हणून ट्रेलरची पाठ पश्चिमेला आणि दार, म्हणजे शेड, पूर्वेला ठेवली. ट्रेलर उन्हाला आडोसा, वाऱ्यालाही आडोसा. रोजच्या दिवसासाठी हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

पण वळवाचा वारा रोजच्या वाटेने येत नाही. ढग ज्या बाजूला उभा असेल तिकडून तो येतो. ढगात पाऊस सुरू झाला की त्याच्याबरोबर गार, जड हवा खाली कोसळते. जमिनीवर आदळून ती चहूबाजूंना पसरते आणि पावसाच्या कितीतरी पुढे धावत सुटते. त्या दिवशी ढग पूर्वेला उभा राहणार होता आणि आमच्या शेडचं उघडं तोंड नेमकं तिकडेच होतं.

सकाळी १०.२० · उरले पावणेसात तास

दादाने हँडल फिरवून शेड उघडली, पाय टेकवले. पायांच्या तळव्यांना भोकं असतात, त्यांत मेखा ठोकायच्या. शेडबरोबर आलेल्या मेखा वीतभर लांब आणि पेन्सिलीएवढ्या जाड होत्या.

मे महिन्यातलं भातखाचर जवळून पाहिलंय का? वरून दगडासारखं कठीण दिसतं, पण सगळीकडे भेगा पडलेल्या असतात. बोट सहज आत जातं. पहिली मेख मी ठोकली ती चार घावांत पूर्ण आत गेली. मला वाटलं, छान बसली. प्रत्यक्षात ती एका भेगेत घसरली होती. तिच्या दोन बाजूंना माती होती, उरलेल्या दोन बाजूंना हवा. दुसरी मेख दोन बोटं बाहेर राहिली, खाली मुरूम लागला. ती मी वाकडी करून तशीच दाबली. मेख ओढीच्या उलट दिशेला कलती ठोकावी, हे मंडपवाल्याचा पोरगाही सांगेल. मी दोन्ही सरळ ठोकल्या.

बाबा कौलं लावता लावता बघत होते. म्हणाले, “पहार देऊ का एखादी? ह्या टाचण्यांनी काय धरतंय?” मंडप घालणारे लोक कोपऱ्यांना लोखंडी पहारीच ठोकतात. पालखीबरोबर चालणाऱ्या दिंड्याही रोज संध्याकाळी राहुट्या उभ्या करताना तणाव्यांवर सगळा जीव लावतात, कारण आषाढाचा वारा त्यांना पाठ आहे. आम्ही बाबांना म्हणालो, “नको बाबा, रात्रीपुरतं तर आहे.” मग तणावे बांधायचेही राहिले. ते पिशवीतच होते. लेक त्यांत अडखळून पडेल म्हणून नको, असं ठरलं.

हँडलचं काम झालं होतं. मी ते गाडीच्या डिकीत, अंथरुणांच्या खाली ठेवलं.

दुपारी १२.४५ · उरले साडेचार तास

शेडखाली सतरंजी, जेवणं, पत्ते. ऊन रणरणत होतं आणि सावली खरोखर सुखाची होती. बायकोने मोबाइलवर हवामान विभागाचा इशारा वाचून दाखवला. पुणे जिल्ह्याला पिवळा इशारा, विजांसह पाऊस आणि ताशी ४० ते ५० किलोमीटरचा सोसाट्याचा वारा. एप्रिल-मे मध्ये हा इशारा इतक्या वेळा येतो की तो कानावरून जातो.

त्या आकड्याचा अर्थ मी पुढे दवाखान्याच्या बाकावर बसून कागदावर मांडला. तो त्याच वेळी मांडायला हवा होता. इमारतींवरचा वारा मोजण्यासाठी आपल्याकडे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात सोपं सूत्र आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. येतो तो दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. आमची शेड साडेसात चौरस मीटरची. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर ढोबळमानाने ३२ किलोचा जोर येतो. दोन माणसं तो धरू शकतात. ताशी ६० ला वेग दुप्पट, पण जोर चौपट, सुमारे १२८ किलो. ताशी ८० ला तो सव्वादोनशेच्या घरात जातो. आणि शेड खालून भरली की हा सगळा जोर वर उचलतो. त्याच मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. घर बांधताना तो पाळतात. आमच्या शेडला बारा स्क्रू आणि दोन मेखा होत्या.

दुपारी २.३० · उरले दोन तास चाळीस मिनिटं

पूर्वेला, पुण्याच्या दिशेला, डोंगरामागून पांढरा ढग वर चढू लागला. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, कडा धारदार. लेकीने मला विचारलं, “बाबा, तो वाढतोय ना?” वाढत होता. नुसत्या डोळ्यांना कळेल इतक्या वेगाने वाढणारा ढग म्हणजे आत हवा जोराने वर चढते आहे. आम्ही त्याचे फोटो काढले.

दुपारी ३.४० · उरला दीड तास

बाबांनी कौलांचं काम थांबवलं आणि पेंढ्याच्या गंजीकडे गेले. गंजीवर ताडपत्री होती. तिच्या कडांना ठिकठिकाणी सुंभ बांधून खाली धोंडे लोंबते ठेवलेले होते, जमिनीपासून हातभर वर. मी विचारलं, धोंडे टेकवून का नाही ठेवत? म्हणाले, “वारं आलं की कापाड थोडं उचलंल, धोंडा बी उचलंल, परत खाली बसंल. ताणून बांधलं तर फाटंल.” एका वाक्यात त्यांनी मला सांगितलं की बांधणीला थोडी सैल जागा हवी आणि परत खाली बसवणारं वजनही हवं. आमची शेड एका बाजूने भिंतीला जखडलेली, दुसऱ्या बाजूने जवळजवळ मोकळी होती. दोन्हींतलं वाईट तेवढं तिच्यात आलं होतं.

परत जाताना ते थांबले. “पाहुणं, वारं फिरलं बगा. ह्ये कापाड गुंडाळून ठिवा.” खरंच, सकाळपासून पश्चिमेची असलेली झुळूक थांबली होती आणि राबाची राख आता आमच्याकडे सरकत होती. दादा म्हणाला, “चहा झाला की काढू.”

हा दिवसातला सर्वांत महाग चहा ठरला. त्या घडीला शेड गुंडाळायला दोन माणसं आणि दोन मिनिटं पुरली असती.

संध्याकाळी ४.२५ · उरली ४४ मिनिटं

हवा पडली. पान हलत नव्हतं, उकाडा असह्य झाला. लेक पेंगुळली म्हणून आई तिला घेऊन ट्रेलरमध्ये आडवी झाली. आतून दार लावून घेतलं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, शेडच्या बरोबर खाली. ट्रेलरला एक खिडकी होती, पण पलीकडच्या भिंतीला, आणि चोरीच्या भीतीने तिला आम्ही जाळी रिव्हेट करून घेतली होती. बाहेर शेडखाली ५ किलोच्या सिलिंडरवर चहाचं आधण ठेवलं होतं.

आपल्याकडे वादळात माणसं पहिली धावतात ती छताकडे, आणि तेच छत त्यांच्या अंगावर येतं. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे देवस्थानाच्या पत्र्याच्या शेडवर झाड कोसळलं, सात भाविक गेले. त्यानंतर आठच दिवसांनी, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला पावसापासून आडोसा घेतलेल्यांवर होर्डिंग पडलं, पाच जण गेले. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले. कुठे झाड, कुठे पत्रा, कुठे जाहिरातीचा फलक. पण महिने तेच, एप्रिल आणि मे. वेळही तीच, दिवस कलल्यापासून दिवेलागणीपर्यंतची. आणि वारा तोच, वळवाचा. आम्ही त्याच वेळेला, त्याच महिन्यात, छताखाली बसलो होतो.

संध्याकाळी ४.५० · उरली १९ मिनिटं

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी हे अ‍ॅप बायकोच्या मोबाइलमध्ये आहे. आपल्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरांतल्या विजांचा इशारा ते देतं. तो आला. पहिली वीज दिसली तेव्हा मी आकडे मोजले. गडगडाट तीस सेकंदांनी आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरवर. पुढची वीस सेकंदांनी. ढग आमच्याकडे येत होता. बायको म्हणाली, “चहा राहू दे, शेड काढा.” दादा उठला. मी हँडल आणायला गाडीकडे गेलो.

डिकीत अंथरुणं, त्यावर कुलर बॉक्स, त्यावर धान्याची पिशवी.

संध्याकाळी ५.०३ · उरली सहा मिनिटं

सगळं उपसून हँडल हातात आलं तेव्हा पहिला गार झोत गालावर बसला. उकाडा क्षणात गेला. ओल्या मातीचा वास आला आणि पूर्वेच्या बांधापलीकडे राखेची, धुळीची एक तपकिरी भिंत उठलेली दिसली. शिकलेल्या डोळ्याला ही शेवटची सूचना आहे. गार झोत लागला की शेडला हात लावायची वेळ संपलेली असते. तेव्हा माणसांना बाहेर काढायचं, मोटारीत न्यायचं, आणि कापडाचं होईल ते होऊ द्यायचं.

आम्ही उलट केलं. कापड वाचवायला धावलो.

संध्याकाळी ५.०५ · उरली चार मिनिटं

हँडल हुकात अडकवायचं तर शेड स्थिर लागते. ती फडफडत होती, हूक सापडेना. बायकोने त्या गोंधळात एक गोष्ट केली, आणि दिवसभरातली बरोबर गोष्ट ती तेवढीच. तिने शेगडीकडे धाव घेऊन रेग्युलेटर बंद केला, सिलिंडर ओढत बाहेर उघड्यावर नेला. पीव्हीसीचं कापड पेटत्या शेगडीवर पडलं असतं तर पुढचं लिहायला मला बळ राहिलं नसतं.

संध्याकाळी ५.०६ · उरली तीन मिनिटं

भेगेतली मेख सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. उत्तरेकडचा पाय जमिनीवर नाचू लागला. दादाने तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि ओरडला, “तू हूक बघ, मी धरलंय!” ७० किलोचा माणूस. त्याच्या डोक्यावर तेव्हा त्याच्या वजनाच्या दुपटीने वर ओढणारं कापड होतं.

मी आतल्यांना हाक मारायला हवी होती. आई, दार उघड, लेकीला घेऊन बाहेर ये. या सात शब्दांना तीन मिनिटं भरपूर होती. मी हूक शोधत राहिलो.

संध्याकाळी ५.०९

झोत आत शिरला आणि शेड पोत्यासारखी फुगली. दुसरी मेख मुरमातून निघाली. पुढची दांडी वर गेली, तिच्याबरोबर दादा. मी त्याचे पाय जमीन सोडताना पाहिले. कंबरेएवढा उचलला गेला, मग हात सुटले आणि तो बांधावर उजव्या खांद्यावर पडला.

मग पत्रा फाटला. पेटीच्या एका टोकाचे स्क्रू एकामागून एक निघाले, सदऱ्याची बटणं तटातटा तुटावीत तसे. कापड ट्रेलरच्या टपावर गेलं, क्षणभर तिथे उभं राहिलं. झोत ओसरताच पेटी, दांडी, दोन्ही पाय आणि साडेसात चौरस मीटर कापड खाली आलं. आलं ते दारावर. पेटीचं सुटलेलं टोक जमिनीत रुतलं, दुसरं अजून भिंतीला लटकत होतं. मधला रोलर दारावर आडवा. एक पाय दाराच्या कडीत घुसून अडकला.

पाठोपाठ पाऊस आला, गारांसह.

दार बाहेर उघडणारं. ते बोटभरही हललं नाही. आतून लेकीचा आवाज येत होता. “बाबा, अंधार झालाय.” आणि तिच्या आवाजावर आईचा आवाज, अगदी शांत, “घाबरू नकोस, आजी आहे ना.”

रोलर उचलायला मी आणि बायको दोघंच. ओलं कापड पाण्याने भरत होतं. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो. कापडाची मध्ये झोळी झाली होती आणि दर मिनिटाला ती जड होत होती. पलीकडच्या खिडकीची जाळी मी बुक्क्यांनी ठोकली. चांगल्या रिव्हेट होत्या, एकही निघाली नाही. जे धरायला हवं होतं ते सुटलं आणि जे सुटायला हवं होतं ते धरून राहिलं.

संध्याकाळी ५.२०

बाबा डोक्यावर इरलं घेऊन पावसातून आले, हातात कोयता. त्यांनी काही विचारलं नाही. कापड मधोमध टरकावलं, पाणी वाहून गेलं. मग पायाची दांडी कडीतून ओढून काढली आणि आम्ही तिघांनी रोलर खांद्यावर उचलला. दार हातभर उघडलं. आईने आधी नातीला पुढे केलं, मग स्वतः बाहेर आली.

आईने बाबांना हात जोडले. मला सकाळचे हात आठवले, आणि ती जेसीबीने फोडलेली भिंत.

नंतर

दादाला पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, मनगटही. आजही त्याचा उजवा हात कानाच्या वर जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्यातली भोकं पाहिली. लांबट, ओढलेली, कडा बाहेर वळलेल्या. जेमतेम मिलिमीटरभर जाड पत्रा, स्क्रूचे एक-दोनच आटे त्यात धरलेले. मी लोंबकळून पाहिलं होतं ते वजन खाली ओढत होतं. वारा बाहेर, वर आणि हिसक्याने ओढतो. त्या परीक्षेला आम्ही पेटी कधी बसवलीच नव्हती.

ट्रेलर आम्ही विकला नाही. दुरुस्त केला, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट त्या एका प्रश्नापासून सुरू केली, हे अंगावर आलं तर माणूस बाहेर कसा येईल? पलीकडच्या खिडकीची जाळी काढून आतून उघडणारी कडी लावली. लेकीला स्वतः उघडता येईल इतक्या उंचीवर. उन्हासाठी आता शेडनेट आहे, ट्रेलरपासून दोन हात दूर उभी. तिच्या जाळीतून वारा बराचसा निघून जातो आणि पडली तरी दारावर पडत नाही. रोलरची शेड आकाराने लहान घेतली, दोनच मीटरची. एक पाय नेहमी दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवतो, पाणी साचायला नको म्हणून. कोपऱ्यांना दोन पहारी कलत्या ठोकतो. पैकी एक बाबांनी दिलेली आहे. हँडल दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगलेलं असतं, त्याच्यावर काहीही ठेवायचं नाही असा घरात नियम आहे.

दुसरा नियम वेळेचा. एप्रिल आणि मे मध्ये दुपारी चार वाजता शेड आत जाते. आकाश निरभ्र असलं तरी जाते, चहा गॅसवर असला तरी जाते. दादा डाव्या हाताने हँडल फिरवतो, मी दांडी सांभाळतो, लेक मोठ्याने आकडे मोजते. मागच्या खेपेला ती ऐंशीपर्यंत पोचली तेव्हा पेटी बंद झाली होती.

आणि पेटी ट्यूबला आहे. आरपार सहा बोल्ट, आतून लोखंडी पट्टी. चहाच्या कट्ट्यावर ओळीने सहा नट दिसतात. ट्रेलर कुठेही उभा केला की आई आत जाते आणि पातेलं ठेवण्याआधी त्या सहांवरून एकदा बोट फिरवते.